कोरडा कान

"हलू नका म्हटलं ना! थेंब गालावर गेला."

"गार लागतंय," आमचे हे म्हणाले.

"गार कसं लागेल? बाटली मुठीत धरून बसले होते मी इतका वेळ!"

लग्न झाल्यापासून हे असंच चाललंय. सकाळी चहाआधी ह्यांचं डोकं माझ्या मांडीवर, डावा कान वर. आधी कापसाने पू टिपायचा, मग औषध. गार थेंब गेला की ह्यांना गरगरतं, म्हणून बाटली मुठीत उबवायची. लहानपणी पडद्याला भोक पडलं ते पडलंच. त्या बाजूने ऐकू येत नाही, म्हणून मी कायम ह्यांच्या उजवीकडून चालते. सर्दी झाली की कान वाहतो, आणि वाहिला की वास येतो. मला सवय झाली, लोकांना कशी होणार? भाचीच्या लग्नात जेवताना शेजारच्या बाईंनी नाकाला रुमाल लावला आणि खुर्ची सरकवली. हे अर्ध्या ताटावरून उठले. त्यानंतर कुठल्या लग्नाला म्हणून गेले नाहीत. मी एकटीच जाते आणि 'ह्यांना ड्यूटी आहे' अशी थाप मारते.

आणि ड्यूटी कुठे, तर पोहण्याच्या तलावावर! पंप चालवायचा, पाणी गाळायचं, क्लोरीन टाकायचं. तळाची फरशी दिसेल इतकं नितळ पाणी ठेवतात, आणि स्वतः कधी गुडघ्याच्या वर उतरले नाहीत. कानात पाणी गेलं की पुढे महिनाभर निस्तरत बसायचं. "रिटायर व्हायच्या आधी एकदा उतरायचंय गं," एवढंच ह्यांचं मागणं. त्याच आशेवर ऑपरेशन करून नवा पडदा बसवून घेतला. टाके निघायच्या आतच पोहायची चड्डी आणून कपाटात ठेवली. निळी, पट्ट्यापट्ट्यांची. मी पोट धरधरून हसले होते.

काल डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीतून पाहिलं. मग म्हणाल्या, "पडदा टिकला नाही हो, काका. पुन्हा भोक पडलंय. कान कोरडाच ठेवायचा."

"म्हणजे पोहायचं..."

"डोकं बुडवायचं नाही. अजिबात नाही."

हे नुसतं "बरं" म्हणाले. घरी येऊन त्यांनी चड्डी कपाटातून काढली. "पुतण्याला होईल," म्हणाले. येत्या शनिवारी ह्यांचा नोकरीचा शेवटचा दिवस.

म्हणून आज थेंब घालून झाल्यावर मी ह्यांना उठू दिलं नाही. कापसाचा बोळा व्हॅसलीनमध्ये घोळवला आणि कानात घट्ट बसवला.

"हे आणि कशाला?"

"ती चड्डी घ्या आणि चला."

"काल डॉक्टर काय म्हणाल्या ते ऐकलंस ना? की तुझेही कान गेले?"

"डोकं बुडवायचं नाही म्हणाल्या. खालच्या पाच फुटांबद्दल काही बोलल्या नाहीत."

आज तलाव साफसफाईसाठी बंद होता आणि किल्ली ह्यांच्याकडेच. मला कुठलं पोहता येतंय! पण पाणी छातीएवढंच होतं. मी अंगावरच्या कपड्यांनिशी उतरले. हे दांडा धरून एकेक पायरी उतरत होते.

"गार आहे गं!"

"एवढं सगळं मुठीत कसं उबवू? या आता. मागे पडा."

"बुडेन."

"मी आहे ना."

मी दोन्ही तळवे त्यांच्या डोक्याखाली धरले, कान पाण्याच्या वर राहतील असे. पाठ नुसती ताठ झाली होती. "अंग सैल सोडा हो," मी म्हटलं. हळूहळू पाय वर आले. मग पट्ट्यांची चड्डी वर आली. मला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते.

"डोकं जड लागतंय का?"

"रोज मांडीवर घेते ते काय हलकं असतं?"

ह्यांनी डोळे मिटले. कापूस कोरडा होता, मी दोनदा पाहिला. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "पाणी चांगलं ठेवलंय, नाही?"

"फार चांगलं ठेवलंय," मी उजव्या कानाशी वाकून म्हटलं. हात भरून आले होते, पण मी ते काढले नाहीत.