मागची गादी

कोलशेतचा गुणाजी माढवी दुसऱ्यांची हाडं बसवायचा आणि स्वतःची कंबर लपवायचा. पहिलं काम बापापासून चालत आलेलं, दुसरं तीन वर्षांपूर्वी सुरू झालेलं. चिखलात रुतलेल्या बैलगाडीला खांदा द्यायला गेला आणि कमरेत असं काही सरकलं की डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिथल्या तिथे तो हसला, गाडीवानाला दोन शिव्या हासडल्या आणि ताठ चालत घरी आला. घराची पायरी चढायला मात्र त्याला बायकोचा खांदा धरावा लागला.

ही गोष्ट त्या दोघांतच राहिली. बाळकुमपासून कासारवडवलीपर्यंतची माणसं कंबर दाखवायला ज्याच्याकडे येतात, त्याचीच कंबर गेली म्हटल्यावर नारळ घेऊन कोण येणार? गुणाजी पैसे घेत नसे, नारळच घ्यायचा. पण नारळाबरोबर जो मान यायचा, त्याची त्याला चटक होती. म्हणून रोज दुपारी जेवणं उरकली की सगुणा दार लोटायची, गुणाजी पालथा पडायचा आणि ती त्याच्या कमरेवर टाच रोवून उभी राहायची. कुठे किती भार टाकायचा ते तिला त्याच्या कण्हण्यावरून समजायचं. बाहेर ओट्यावर कोणी दुखणेकरी बसलेला असला तर गुणाजी तोंडात पंचा कोंबून घ्यायचा.

लांबच्या गावाहून बोलावणं आलं की बैलगाडीत बसणं आलं, आणि बैलगाडी तर त्या कमरेच्या मुळावरच उठली होती. तेव्हा त्याने मोटरसायकल घ्यायचं ठरवलं. हे झालं चारचौघांत सांगायचं कारण, तेही कंबर वगळून. मनातलं कारण जुनं होतं. महायुद्धाच्या वर्षांत लष्कराचं टपाल पोचवणाऱ्या एका पंजाबी जवानाचा निखळलेला खांदा त्याने बसवला होता. जवानाने उपकाराची फेड म्हणून त्याला आपली मोटरसायकल चालवायला शिकवली. टाकीवर ओणवं होऊन गुणाजी एकदाच घोडबंदरच्या रस्त्याने सुसाट गेला होता, आणि तेव्हापासून त्याला तसलीच गाडी हवी होती, अरुंद, आवाजाची आणि पळणारी. पन्नाशीच्या वैद्याला हे शोभत नाही असं गाव म्हणालं असतं, म्हणून तेही त्याने पोटात ठेवलं. माणूस एक गोष्ट लपवायला शिकला की त्याला हळूहळू सगळंच लपवावंसं वाटतं.

जमिनीचा एक तुकडा कारखान्याला गेला होता, त्यामुळे पैशाची अडचण नव्हती. एका रविवारी तो कल्याणला निघाला. बरोबर पुतण्या परशुराम होता, कारण तो ठाण्याच्या गिरणीत फिटर होता आणि त्याला यंत्रातलं कळायचं. परशुरामाच्या तोंडात तीळ भिजत नसे, पण त्याला इलाज नव्हता. काकीलाही त्यानेच आग्रहाने बरोबर घेतलं.

कल्याण कॅम्पाच्या कडेला, विठ्ठलवाडीकडे जाताना, गोपीनाथ नावाच्या मेकॅनिकची शेड होती. लष्कराच्या वर्कशॉपात दहा वर्षं काढून आता तो जुन्या मोटरसायकली दुरुस्त करून विकायचा. शेडमध्ये दोन गाड्या उभ्या होत्या. एक हिरवी, लष्कराच्या लिलावातली, जिचं मागचं चाक बिनस्प्रिंगाच्या सांगाड्यात जखडलेलं होतं. दुसरी काळी, सडपातळ, रेससाठी बनवलेली. तिच्या मागच्या चाकालाही दोन्ही बाजूंना शॉकअॅब्सॉर्बर होते, हॅन्डल जरा खाली होतं आणि पाय ठेवायच्या खुंट्या जरा मागे.

"लोकांना वाटतं, ताठ बसलं की आराम," गोपीनाथ म्हणाला. "ताठ बसलात की प्रत्येक खड्डा खालून सरळ मणक्यात. हिच्यावर अंग थोडं पुढे जातं, भार हातापायांवर वाटला जातो. पळायला एक नंबर, आणि पाठीलाही हीच बरी. बसून बघा."

गुणाजीला हे चटकन पटलं. मीठ वाहणाऱ्या बायांना तोही हेच सांगायचा, गुडघे सैल ठेवा, अंग जरा पुढे टाका. तो काळीवर बसला. गोपीनाथने किक मारून दिली आणि गुणाजी कॅम्पाच्या उखडलेल्या रस्त्यावरून एक लांब चक्कर मारून आला. तीन वर्षांत पहिल्यांदा त्याला कंबर आहे याची आठवण राहिली नव्हती. त्याला इतका आनंद झाला की त्याचं स्वतःकडे लक्षच राहिलं नाही. उतरताना नेहमीच्या सवयीने त्याने टाकीवर दोन्ही हात टेकले आणि पाय हळूच ओढून खाली घेतला.

गोपीनाथने ते पाहिलं. "काका, कंबर धरते काय तुमची?"

परशुरामने मान वळवली. त्याने हे ऐकलं म्हणजे उद्या सकाळी पाळीवरच्या सगळ्या गिरणीला कळणार होतं.

"माजी?" गुणाजी म्हणाला. "माजी कशाला धरंल? हिची धरते." आणि त्याने सगुणाकडे बोट केलं.

सगुणा चौदा वर्षं मिठागरावर बायांच्या रांगेत पहिली चालत होती. डोक्यावर मिठाची पाटी घेऊन बांधावरून निघाली की मागच्या वीस जणींचे पाय तिच्या पावलांच्या तालावर पडायचे. घरी खायला कमी नव्हतं, तरी हंगामात ती मिठावर जायचीच, कारण ती पहिली जागा तिची होती. तिने नवऱ्याकडे बघितलं.

"हां," ती म्हणाली. "धरते."

"मग ही काळी नकोच," गोपीनाथ म्हणाला. "ही एकट्याची गाडी. मागे बसायला जागाच नाही, सांगाडाच तसा नाही. तुम्ही हिरवी न्या. काकींना मागे मोटारीच्या सीटची स्प्रिंगवाली गादी लावून देतो. पोटातलं पाणी हलणार नाही त्यांच्या."

"माणूस लाखातला हाय, काका," परशुराम म्हणाला. "काकीच्या कमरेचं आधी बघायलाच पायजे."

बायकोची कंबर पुढे केल्यावर तिला मागे न बसवणारी गाडी मागायची सोय उरली नव्हती. हवी ती गाडी हातभर अंतरावर उभी होती आणि गुणाजीने स्वतःच्या तोंडाने तिच्यावर पाणी सोडलं होतं. त्याला रडू यायचंच बाकी होतं. तो म्हणाला, "बरं, हिरवी बांधा."

पुढचे दोन महिने घोडबंदरच्या रस्त्याने लोकांनी मोठी मौज पाहिली. मागे कासोट्याचं लुगडं नेसलेली सगुणा पुरुषासारखी दोन्हीकडे पाय टाकून गादीवर डुलत जायची, आणि पुढे वैद्यबुवा प्रत्येक खड्ड्याला ओठ चावायचे. लोकांना वाटायचं, वैद्यबुवा रुबाबात आहेत. दुपारची टाच आता दिवसातून दोनदा द्यावी लागत होती.

परशुरामने आपलं काम चोख केलं होतं. काकीची कंबर गेली हे मकरसंक्रांतीच्या आत साऱ्या पंचक्रोशीला कळलं. आधी लोक हळहळले. मग विचार करायला लागले, आणि तिथे गुणाजीचं बिनसलं. बाळकुमची म्हातारी बायजा ओट्यापर्यंत आली, नारळ पदराखाली तसाच ठेवून म्हणाली, "घरच्या बायकोची कंबर जर तुज्याच्यान बरी झाली नाय, तं माजी काय होनार?" आणि परत गेली. त्यानंतर आठ दिवस ओटा रिकामा होता.

गुणाजीला संताप आला, तो बायजाचा, परशुरामचा, गोपीनाथच्या गादीचा. स्वतःचा यायला वेळ लागला. एक दिवस तो सगुणाला जेवायला आणायला खाडीकडच्या मिठागरावर गेला. बायांची रांग बांधावरून चालली होती, पण पहिली कोणी दुसरीच होती, आणि रांग रखडत, अडखळत चालली होती. सगुणा झावळ्यांच्या सावलीत पाण्याच्या मडक्याशी बसली होती. ते काम हातपाय थकलेल्या म्हाताऱ्यांचं. ती बायांना पाणी देत होती आणि रांगेकडे बघत नव्हती.

"कवापासून?" गुणाजीने विचारलं.

"हंगाम लागल्यापासून. नाथा मुकादम बोलला, कंबरवाल्या बाईला पाटी द्यायची नाय. काय झाला तं त्याच्यावर येल."

"मग सांगायचंस ना, मी धड हाय म्हणून!"

"तुमी चार लोकांत बोललात, हिची धरते," सगुणा म्हणाली. "मी 'नाय' बोलले असते तं मग कोनाची धरते, ते पन सांगायला लागला असता."

महिनाभर ती इथे बसत होती आणि रोज घरी येऊन त्याच्या कमरेवर उभी राहत होती. गुणाजीला फार लाज वाटली. इतकी लाज त्याला कंबर गेल्याची कधी वाटली नव्हती.

जेवणाची सुट्टी झाली. बाया भाकऱ्यांची फडकी सोडून बसल्या, नाथा मुकादम विडी ओढत उभा राहिला. गुणाजीने पंचा काढला, पण तोंडात घेतला नाही. तो त्याने बांधावर अंथरला आणि सगळ्यांसमोर त्यावर पालथा पडला.

"सगुणा, टाच दे."

"इथं?"

"इथंच."

ती उठली. नेहमीच्या जागी टाच रोवून उभी राहिली आणि गुणाजी कोलशेतच्या वीस बायांदेखत मोठ्याने विव्हळला. भाकऱ्या हातातच राहिल्या.

"नाथा," तो खालूनच म्हणाला, "कंबर माजी गेलीय. तीन वर्सां झाली. हिची कंबर सगल्या मिठागरात धड हाय. मी खोटा बोललो."

"आनि तू आमच्या कमरा बऱ्या करतोस?"

"करतो. पन माज्या पाठीला माजा हात पोचतो काय रं?"

नाथाने विडी टाकली. मग त्याने एक रिकामी पाटी उचलून सगुणाच्या पायांशी ठेवली. ती टाच काढून खाली उतरली आणि भाकरी न खाताच रांगेच्या पुढे जाऊन उभी राहिली.

नारळांचं म्हणाल तर काही परत आले, काही आले नाहीत. बायजा आली, आणि थेट सगुणालाच कंबर दाखवायला लागली. गुणाजीने ते मुकाट्याने सोसलं.

हंगाम संपता संपता एका दुपारी, दार सताड उघडं ठेवून, सगुणा त्याच्या कमरेवर उभी होती. ती म्हणाली, "ती काली गाडी अजून हाय. परशुराम बघून आला. बदलून आना."

"तिच्यावर मागं जागा नाय गो. तू कशावर बसनार?"

"मना काय करायची जागा?" सगुणा म्हणाली आणि तिने टाच जरा जास्तच दाबली. "माजी कंबर धड हाय. मी चालत येन."