पालखीपुढे बोललेलं वेळापत्रक

लोक शिमग्यात पालखीपुढे नारळ बोलतात, कोंबडा बोलतात, फार तर देवीला चांदीचे डोळे बोलतात. मृणालीने वेळापत्रक बोललं होतं.

पूर्णगडला त्यांच्या अंगणात पालखी टेकली, आईने ओटी भरली, आणि मृणालीने हात जोडून मनातल्या मनात सगळं सांगून टाकलं. पहाटे उठेन. गार पाण्याने अंघोळ, व्यायाम, ध्यान, मग गजर लावून अभ्यास. दुपारची झोप नाही, मासे नाहीत, मैत्रिणींशी गप्पा नाहीत. एक दिवस चुकणार नाही, पण एवढी सीईटी पार पाड. ही यादी तिची नव्हतीच. मोबाइलवर एक चुणचुणीत मुलगा यशस्वी विद्यार्थ्यांच्या सवयी सांगायचा, त्याची होती. गेल्या वर्षी परीक्षेत आपटल्यामुळे फार्मसीचा प्रवेश हुकला होता. स्वतःच्या शब्दावर तिचा विश्वास उरला नव्हता, म्हणून तिने देवीला मध्ये घातलं.

आता वैशाख तापला होता, परीक्षा पुढच्या आठवड्यावर आली होती, आणि अभ्यासासाठी रत्नागिरीत दर्शनामावशीच्या घरी येऊन टेबलाशी बसलेल्या मृणालीच्या डोक्यात काही शिरत नव्हतं. ओळीच्या शेवटापर्यंत पोचावं तर सुरुवात पुसली गेलेली असायची. गजर वाजला की छातीत धस्स व्हायचं, आणि वाजला नाही तर आता वाजेल म्हणून. टेबलाखाली एक पाय सारखा हलत राहायचा.

त्यातच परवा घात झाला. गजर वाजून गेला आणि तिला जागच आली नाही. डोळे उघडले तेव्हा समोर कुंपणाच्या चिऱ्याच्या गडग्यावर ऊन चढलं होतं. नवस मोडला. तेव्हापासून प्रायश्चित्त म्हणून तिने रात्रीचं जेवण सोडलं होतं, आणि झोप आणखी कापली होती.

"आमटी तरी घे गो," शनिवारी रात्री पानं वाढताना मावशी हळूच म्हणाली.

"जड होतं. झोप येते मग."

"झोप येते म्हणून जेवत नाही?" विनीतकाका ताटावरून बघत म्हणाले. त्यांचा जन्म जहाजावर नोकरी करण्यात गेला होता. "आमच्या जहाजावर असं असतं तर पहिल्याच फेरीत मासळी मोजायला गेलो असतो समुद्राच्या तळाला. एकाची पाळी संपली की दुसरा उभा राहतो. सुकाणूवर डुलकी घेणाऱ्याला कप्तान शाबासकी देत नाही."

"तुमचं जहाज वेगळं, काका."

"बरोबर. आमच्यात निदान बुडताना भोंगा वाजवतात."

मावशीने नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. ते भातात शिरले.

मृणालीला मावशीसमोरच जास्त अपराधी वाटायचं. ही बाई पूजा झाल्याशिवाय घोटभर पाणी पीत नाही. सोमवार सोडत नाही, संकष्टी सोडत नाही, आणि लग्न होऊन आल्यापासून तिन्हीसांजेला तुळशीपाशी दिवा लावते. कधी आवाज चढवत नाही, कधी दमले म्हणत नाही. हिला जमतं, मग मला का नाही?

झोप उडवायला तोंडावर पाणी मारताना बेसिनपाशी तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तिने नळ घट्ट धरला. मावशीने तिला खुर्चीत बसवलं, गूळ-पाणी दिलं, आणि मग मृणालीला राहवेना. पालखीपासून परवाच्या सकाळपर्यंत सगळं तिने सांगितलं.

काका हसायला लागले. "देवीने तरी ध्यान कशाला करायला सांगितलं असेल? ती स्वतः पालखीत नाचते."

मावशी हसली नाही. "बोललीस ते देवीला. मग आता मी सोड म्हणून कसं सुटेल? तिलाच विचारायला हवं. उद्या रविवार आहे, पूर्णगडला जाऊन कौल लावू."

"उद्या? माझी उजळणी आहे."

"शिरत नाही म्हणतेस ना? मग पुस्तकं एक दिवस राहू देत."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीत मृणालीने मांडीवर पुस्तक उघडं ठेवलं होतं. पावस गेलं, वळणं सुरू झाली, अक्षरं नाचायला लागली. हा दिवसही वाया चालला. पोचल्यावर मावशी घरीसुद्धा थांबली नाही. "आधी देवी, मग आई," म्हणाली.

काशीराम गुरव डुलकी आटोपून देवळात आले होते.

"काय गो बाय, काय विचारायचा हाय?"

मृणालीने सांगितलं. गुरव ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे देवीन तुला पास करायची, आनि तू जेवायचा नाय, झोपायचा नाय. ह्यात तिचा फायदा काय?"



गुरवांनी पाण्यात भिजवलेल्या दोन कळ्या देवीच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवल्या. उजवी आधी पडली तर देवीची मोकळीक, डावी पडली तर नवस तसाच पाळायचा. हात जोडून त्यांनी गाऱ्हाणं घातलं, "बाय माजे, पोरीन भरात शब्द दिलान, आता झेपत नाय. सोडवतेस काय ता सांग," आणि बाजूला होऊन बसले.

कळ्या हलल्या नाहीत.

मृणाली एकटक बघत राहिली. उजवी जरा घसरली का? नाही, समईची ज्योत हलली होती. डावी पडली तर? मग उद्यापासून पुन्हा तेच, आणि त्या सकाळचा खाडा धुवायला आणखी काय सोडायचं? तिचा पाय हलायला लागला. ती मनात रसायनशास्त्राची सूत्रं घोळवायला लागली, अर्ध्यात अडकली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

"किती वेळ लागतो?" तिने विचारलं.

"देवीला काय गाडी पकडायची नाय," गुरव म्हणाले.

खांब गार होता. तिने क्षणभर डोकं टेकवलं. समुद्राचा आवाज खालून येत होता, येत राहिला, आणि मग काहीच आलं नाही.

डोळे उघडले तेव्हा गाभाऱ्याबाहेर ऊन उरलं नव्हतं. तिच्या डोक्याखाली मावशीचा पदर गुंडाळून ठेवलेला होता, आणि तो तिथून हलू नये म्हणून मावशी तशीच अवघडून बसली होती. मृणाली धडपडत उठली.

"कौल? कुठली पडली?"

"उजवी," गुरव म्हणाले. "तू घोरायला लागलीस आनि पडली. म्या म्हटला, उठवू या, पोर वाट बघतेय. ही बाय उठवूच देईना."

मृणाली देवीकडे वळली. उजवी कळी पायाशी तांदळात पडली होती. डावी अजून खांद्यावरच होती.

"पन फुकट नाय सुटत," गुरव पुढे म्हणाले. "सोडलास त्याच्या बदल्यात काय करशील, ता बोल."

 सवयीने मृणालीच्या तोंडावर आणखी काहीतरी सोडण्याचंच येत होतं. चहा. गोड. तिने ओठ मिटले.

"परीक्षेपर्यंत दोन्ही वेळा जेवेन," ती शेवटी म्हणाली. "आणि रात्री दिवा मालवला की झोपेन."

"नीट विचार करून बोल हो," मावशी हळू आवाजात म्हणाली. "हा नेम त्याहून अवघड आहे."

देवळाच्या पायऱ्या उतरताना मृणालीच्या ध्यानात आलं. रत्नागिरीची शेवटची गाडी गेली होती, आणि तिन्हीसांज झाली होती.

"मावशी. तुझा दिवा."

मावशीने पिशवीतून फोन काढला. "अहो, तुळशीपाशी दिवा लावा. हात धुऊन. वात डब्यात आहे, तेल ओट्याखाली."

पलीकडून काकांचा आवाज मृणालीलाही ऐकू आला. "लावलाय कधीच. तू आली नाहीस तेव्हाच कळलं. वात जरा मोठी झालीये, शेजारी विचारतायत दीपस्तंभ लावलात का."

"असू दे. लागला ना." तिने फोन ठेवला.

"पण इतक्या वर्षांचा तुझा नेम," मृणाली म्हणाली. "माझ्यापायी चुकला."

"मला टायफॉइड झाला होता तेव्हा महिनाभर त्यांनीच लावला होता," मावशी म्हणाली. "तेव्हाही असाच भडकायचा. चल, आई वाट बघत असेल."

घरी आईने दोघींना लगेच पाटावर बसवलं. पानावर भात वाढला, वर बांगड्याचं कालवण ओतलं. पहिला घास घेताना मृणालीचा हात आपसूक गजर लावायला फोनकडे गेला. पाटावर बसूनही पाय अजून हलतच होता.

"सकाळची पहिली गाडी किती वाजता?" तिने विचारलं.

"येईल तेव्हा येईल," मावशी म्हणाली. "आधी तुझा नेम पुरा कर. पानात भात आहे."