दम माझा कमी पडला नव्हता

मी एक दोन माणसांची गाडी. तिसऱ्याला माझ्यात जागा नाही. मागे सामान ठेवायचं म्हटलं तर एक पिशवी आणि एक छत्री, बस्स. रंग गडद हिरवा. बसायला इतकी खाली की उतरताना भलेभले 'आई गं' म्हणतात आणि मग कुणी ऐकलं तर नाही ना, हे बघतात.

माझ्या इंजिनाचे बोल्ट कारखान्यात एका बाईनं आवळले. एकेक बोल्ट आवळून झाला की ती त्यावर खडूची पिवळी रेघ ओढायची. मग इंजिनावर हात ठेवून पुढच्या गाडीकडे वळायची. पुढे बरेच हात अंगावरून फिरले, पण पहिला हात तो.

माझा पहिला मालक हौशी होता, पण चालवायला घाबरायचा. आठ वर्षं त्यानं मला कापडाखाली झाकून ठेवलं. रविवारी कापड काढायचा, पुसायचा, फोटो काढायचा, पुन्हा झाकायचा. उभ्या उभ्या माझी चाकं एका बाजूनं चपटी झाली. मग एक दिवस डॉक्टर आले. त्यांनी मला एकदाच चालवून पाहिलं, खाली उतरले आणि म्हणाले, "हिला असं ठेवणं म्हणजे छळ आहे हो." त्या दिवसापासून मी त्यांची झाले. त्याला आता नऊ वर्षं झाली.

डॉक्टर म्हणजे दातांचे. हात हलका, स्वभाव तिखट. त्यांची लेकही दातांचीच डॉक्टर, त्यांच्याच दवाखान्यात बसते. शहराबाहेर एक टेकडी आहे. वर जाणारा रस्ता एकच, चौदा वळणांचा. वर्षातून एकदा तो रस्ता बंद करतात आणि घड्याळ लावून एकेक गाडी वर सोडतात. सगळ्यात कमी वेळ ज्याला लागेल तो जिंकला. आम्ही तीनदा जिंकलो. मी 'आम्ही' म्हणते, डॉक्टर मात्र 'मी' म्हणायचे. चालायचंच.

दोन वर्षांपूर्वी आम्हाला तीन सेकंद जास्त लागले. गेल्या वर्षी सहा. डॉक्टर वर पोहोचले, वेळ ऐकली आणि माझं दार धाडकन लावलं.

"म्हातारी झाली गाडी," ते म्हणाले. "दम कमी पडतोय तिला."

मला दम भरायचा, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबून घालायची, असं त्यांनी ठरवलं. त्यासाठी मला नेलं दोघा भावांच्या गॅरेजमध्ये. थोरला भाऊ हातानं काम करणारा, कान लावून इंजिनाचं दुखणं ओळखणारा. धाकटा लॅपटॉप उघडून बसणारा. दोघांचं कधी एकमत झालेलं मी पाहिलं नाही.

"सुपरचार्जर बसवा," थोरला म्हणाला. "इंजिनावरच पट्टा लावायचा. इंजिन फिरलं की तो फिरणार, हवा आत ढकलणार. पाय टाकला की जोर हजर."

"आणि तो फिरवायला जोर कुणाचा खातो? इंजिनाचाच ना!" धाकटा म्हणाला. "डॉक्टर, टर्बो घ्या. गाडीतून जो गरम धूर फुकट बाहेर जातो, त्याच्यावर टर्बोचा पंखा फिरतो आणि हवा आत ढकलतो. तेवढ्याच पेट्रोलमध्ये जास्त ताकद."

"पण मागितल्याबरोबर देत नाही. आधी विचार करत बसतो आणि मग एकदम अंगावर येतो. नेमका वळणात आला म्हणजे?"

"दादा, ते जुने टर्बो. आताचे तसे नसतात."

"आताचेही बोलायच्या आधी घसा खाकरतातच."

डॉक्टर मोठ्यानं हसले. "आमच्या दात कोरायच्या यंत्रातही हवेवर फिरणारा एवढासा पंखा असतो," ते म्हणाले. "माझा त्याच्यावर विश्वास आहे. टर्बो बसवा. जास्तीत जास्त जोराचा."

मी तिथेच उभी होते, आणि माझं धाबं दणाणलं. कारण जे कुणालाच ठाऊक नव्हतं ते मला ठाऊक होतं. दम माझा कमी पडला नव्हता.

माणसाचा पाय गाडीला जितका कळतो तितका त्याच्या बायकोपोरांनाही कळत नसेल. पूर्वी डॉक्टरांचा उजवा पाय एका पेडलवरून दुसऱ्यावर कसा जायचा, ते कळायचंही नाही. आता तो एका पेडलवरून उठायचा आणि मधेच हरवायचा. चाचपडायचा. तेवढ्या क्षणात मला चालवणारं कुणीच नसायचं. वळण समोरून येत असायचं आणि मी मोकाट. मग ब्रेक लागायचा, उशिरा आणि जोरात. गिअरच्या मुठीवर त्यांचा हात असायचा. इंजिन बंद असलं तरी ती मूठ थरथरायची.

आणि आता त्यांना माझा जोर वाढवायचा होता. तोही पाय टाकल्यावर थोड्या वेळानं, एकदम उसळणारा.

माझ्या शेजारी एक चंदेरी गाडी उभी होती, ताडपत्रीखाली. तिचा टर्बो नवाकोरा होता. भिंतीवर आपटली तेव्हाही त्याला ओरखडा आला नाही. ब्रेकचं पेडल मात्र वाकडं झालं होतं, कुणीतरी जिवाच्या आकांतानं दाबल्यासारखं. तिचा मालक तिला बघायला कधीच आला नाही. का, ते भाऊ माझ्यासमोर बोलले नाहीत. गॅरेजमध्ये होते तितके दिवस मी त्या ताडपत्रीकडे बघत होते.

काम सुरू करायच्या आधी धाकट्यानं माझ्या डॅशबोर्डखाली काडेपेटीएवढी एक डबी जोडली. वेग किती, कुठलं पेडल कधी दाबलं, सगळं त्यात लिहिलं जातं. डॉक्टरांनी सरावाच्या दिवशी मला टेकडीवर एकदा पळवलं आणि आणून लावलं. ते गेल्यावर धाकट्यानं लॅपटॉप उघडला. शेजारी तीन वर्षांपूर्वी अशीच डबी लावून घेतलेली नोंदही उघडली. मग एकेका वळणाची नोंद तो पुन्हा पुन्हा मागे नेऊन बघायला लागला.

"काय रे?" थोरल्यानं विचारलं.

"इंजिन ठणठणीत आहे. सरळ रस्त्यावर वेग तोच आहे, तसूभर कमी नाही." त्यानं पडद्यावर बोट ठेवलं. "पण हे बघ. पाय उचलला इथे. ब्रेक लागला इथे. मधे काहीच नाही. पूर्वी ही जागाच नव्हती. प्रत्येक वळणावर अर्धा सेकंद."

थोरल्यानं हातातला पाना खाली ठेवला. "डॉक्टरांना सांगायला हवं."

"तू सांग. तू थोरला."

"डबीत तुला दिसलं. तू सांग."

आणि दोघंही मूग गिळून बसले. डॉक्टरांनी यांच्या आईच्या तोंडात कवळी बसवली होती, हसत हसत, तिला मुळीच दुखू न देता. अशा माणसाला 'तुमचा पाय चालत नाही' असं कसं सांगायचं? टर्बोचं खोकं आलं, तेव्हा थोरल्यानं ते टेबलाखाली सरकवून ठेवलं. डॉक्टरांचा फोन आला की सांगायचा, "अजून सामान आलं नाही." मला वाटायचं, ओरडावं. पण मला आवाज आहे तो इंजिनाचा. त्यातलं माणसं त्यांना हवं तेवढंच ऐकतात.

पंधरा दिवसांनी डॉक्टरांचा धीर सुटला. "सामान येईल तेव्हा येईल, गाडी द्या माझी," म्हणून ते मला घेऊन गेले. रविवारी सकाळी त्यांनी लेकीला शेजारी बसवलं. "चल, तुला दाखवतो वर चढताना ही कशी रडते ते. मग म्हण, बाबांना टर्बो कशाला हवाय."

रस्ता रिकामा होता. आठ वळणं आम्ही नीट घेतली. लेक आधी बडबडत होती, पाचव्या वळणापासून गप्प झाली. ती रस्त्याकडे बघत नव्हती. ती गिअरच्या मुठीवरच्या हाताकडे बघत होती.

नवव्या वळणाआधी पाय उठला. मी वाट पाहिली. पाय हरवला. मग आला, पण ब्रेकच्या कडेला बूट अडकला, घसरला आणि पुन्हा ॲक्सिलरेटरवर पडला. पूर्ण जोरात.

मला पळायचं नव्हतं. पण मला पळावं लागतं. तोच माझा जन्म.

"बाबा!"

डॉक्टरांनी स्टिअरिंग फिरवलं. माझी मागची बाजू सुटली, रस्ता गर्रकन फिरला, खडी उडाली आणि मी थांबले. इंजिन बंद पडलं. माझं मागचं एक चाक कडेला अधांतरी होतं. त्याच्याखालून एक दगड निसटला आणि खाली जात राहिला. तो कुठे पोहोचला ते ऐकू आलं नाही. तेव्हा त्या खोक्यातलं यंत्र माझ्यात असतं, तर? तो विचार मी पुरा केला नाही. अजूनही करत नाही.

मग लेकीनं त्यांचा हात आपल्या हातात घेतला. तो तिच्या हातातही थरथरत होता.

"किती दिवसांपासून, बाबा?"

"घाबरलो म्हणून हलतोय."

"बाबा."

डॉक्टरांनी डोळे मिटले. "दोन वर्षं."

"म्हणून दाढेची सगळी कामं माझ्याकडे? 'तुला सराव हवा' म्हणून?"

"तुला सराव हवाच होता," ते म्हणाले. "आणि कुणाच्या तोंडात माझा हात हलला असता, तर..."

लेकीनं त्यांना आधी उतरवलं. मग ती माझ्या स्टिअरिंगवर बसली, पहिल्यांदाच. इतक्या वर्षांत डॉक्टरांनी माझी किल्ली कुणाला दिली नव्हती. तिनं मला कासवाच्या चालीनं कडेवरून ओढून घेतलं. डॉक्टर शेजारी बसले आणि आम्ही खाली निघालो.

खाली जाताना जे झालं ते फक्त मला आणि त्यांना कळलं. शेजारच्या सीटसमोर पेडल नसतं, नुसती रबरी चटई असते. तरी प्रत्येक वळणाआधी डॉक्टर त्या चटईवर पाय दाबत होते, सवयीनं. लेकीचा पाय खऱ्या ब्रेकवर पडायचा. मग त्यांचा पाय चटईवर. आधी तिचा, मग त्यांचा. ती तर नवखी, घाबरलेली. आणि तरीही दर वेळी आधी तिचाच.

चौथ्या वळणानंतर त्यांनी पाय मागे ओढून घेतला.

"गाडी ठीक आहे," ते हळूच म्हणाले. "गाडी पहिल्यापासून ठीकच होती."

लेक मला तशीच थेट गॅरेजमध्ये घेऊन गेली. डॉक्टरांनी खडीचे ओरखडे दाखवले आणि धाकट्याकडे बघून विचारलं, "डबीत दिसलं होतं ना तुम्हाला?"

धाकट्यानं मान खाली घातली. थोरला म्हणाला, "दिसलं होतं. आमची जीभ उचलली नाही. चूक झाली, डॉक्टर."

"दात काढावा लागणार असला तर मी पेशंटला पहिल्याच दिवशी सांगतो," डॉक्टर म्हणाले. "माझी लेक बसली होती शेजारी." पुढे ते रागावतील असं मला वाटलं होतं. पण ते तिथल्या स्टुलावर बसले आणि त्यांनी पाणी मागितलं. ग्लास दोन्ही हातांनी धरला.

त्यांना कंपवात झालाय. मेंदूच्या डॉक्टरांनी तपासून तसं सांगितलं. औषधं सुरू आहेत. त्यांनी दात कोरायचं यंत्र खाली ठेवलं, आता ते पेशंटशी नुसतं बोलतात. लोक म्हणे त्यासाठीही येतात.

माझं काय करायचं, हा प्रश्न उरलाच. विकून टाकतील, पुन्हा कापडाखाली जाईन, या भीतीत मी महिनाभर होते. मग एके दिवशी लेक डॉक्टरांना घेऊन गॅरेजमध्ये आली आणि म्हणाली, "वर्षभर शिकेन. मग शर्यतीत उतरेन. बाबा शेजारून वळणं सांगतील."

"भीती नाही वाटत?" थोरल्यानं विचारलं.

"वाटते ना. म्हणूनच पाय टाकला की लगेच उत्तर देईल असंच काहीतरी बसवा. जोर थोडा कमी असला तरी चालेल. मला वाट बघायला लावणारं काही नको."

धाकट्यानं टेबलाखालचं खोकं बाहेर काढलं. मला वाटलं, आता भांडणार. पण तो म्हणाला, "खरं आहे. शिकणाऱ्या पायाला सुपरचार्जरच बरा. दादा, तू जिंकलास." थोरल्यानं मिशीत हसू लपवलं, पण ते सगळ्यांना दिसलं.

आज मी गॅरेजमध्ये उंचावर उभी आहे. अंगातलं तेल काढून घेतलंय. दाबलेली हवा सोसावी म्हणून माझे पिस्टन बदलायचे आहेत, त्यासाठी इंजिन खोलणं चाललंय. भीती गेलेली नाही. पोटात परका श्वास घेऊन मी तीच राहीन का? पट्टा तुटला तर? तिचा पाय चुकला तर? मला माहीत नाही.

तुम्ही कधी माझ्यासारखीच्या स्टिअरिंगवर बसलात, तर एवढं ऐका. आम्हाला जोर द्यायच्या आधी स्वतःच्या हातापायांना एकदा विचारून घ्या. आणि कुणा दुसऱ्याचा पाय अडखळताना दिसला, तर गप्प बसू नका. आम्हाला बोलता येत नाही. तुम्हाला येतं.

आता या क्षणी थोरला माझ्याखाली आडवा झालाय. डॉक्टर स्टुलावर बसून त्याच्यासाठी बॅटरीचा उजेड धरून आहेत. त्यांचा हात हलतो, म्हणून उजेडही हलतो, बोल्टवरून निसटतो, पुन्हा येतो. भिंतीवर दिवा लावायला खिळा आहे, दिवाही आहे. पण थोरल्यानं तो मागितलेला नाही. तो पाना बोल्टला लावून थांबतो. उजेड परत आला की एक वेढा फिरवतो, आणि पुन्हा थांबतो.