खरं वाक्य

बबितानं सुपातले गहू पाखडायचं थांबवलं आणि भावाकडे न बघताच विचारलं,

“रिलक्टंट?”

प्रेमनं मान खाजवली. सकाळपासून हा शब्द त्याला दगा देत होता.

“रागावलेला?”

“रागावलेला कायले होईल रे! करायची ज्याची इच्छाच नाही, राजी नाही, असा मानूस. किती डाव सांगतलं तुले. ध्यान कुठं हाय तुहं?”

ध्यान कुठं होतं, ते प्रेमला चांगलंच ठाऊक होतं. ओसरीवर हे गहू निवडणं चाललं होतं ते उद्याच्या पाहुण्यांसाठी. बबिताच्या होणाऱ्या सासरची मंडळी गूळ खायला येणार होती, आणि तांड्यात एकदा गूळ खाल्ला की सोयरीक पक्की; मग मागं फिरायचं नाव काढायचं नाही. लग्नही लगेच उरकायचं होतं. तलाठ्याची परीक्षा त्यानंतर होती.

परीक्षा दोघांनाही द्यायची होती. घाटंजीच्या क्लासला भाऊ-बहीण एकाच मोटरसायकलवर जायची. स्थळ आलं तेव्हा त्यांच्या बापानं, भावसिंगांनी, प्रेमला बाजूला घेतलं. बापानं पोरीशी तिच्या लग्नाचं बोलायचं म्हणजे केवढी लाज! असला निरोप भावानंच न्यायचा.

“बाईले विचार, तिचं काय म्हननं हाय.”

मोठ्या बहिणीला प्रेमही बाईच म्हणायचा. तो शेतात गेला. तुरीच्या शेंगा तोडता तोडता बबिता म्हणाली, “पोरगा चांगला हाय. पन बाले म्हन, परीक्षा होऊ द्या. तवरोक थांबा.”

प्रेम घरी आला आणि बापाला म्हणाला, “हो म्हनते.”

झालं होतं काय, तर त्याच सकाळी क्लासच्या सरांनी दोघांचे मार्क सगळ्यांसमोर वाचले होते. “प्रेम, तू आपला बहिणीकडेच क्लास लाव बाबा,” असं म्हणाले होते. पोरं खो खो हसली होती. एवढंच. एवढ्याशा गोष्टीसाठी त्यानं सख्ख्या बहिणीचा निरोप गिळला. संध्याकाळी सांगून टाकू, असं त्यानं ठरवलं होतं. पण संध्याकाळपर्यंत बापानं पाहुण्यांना फोन लावूनही टाकला. मग बबितानं विचारलं, “बा काय म्हनले?” तेव्हा तो म्हणाला, “थांबत नाही म्हनते.” दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सोपं गेलं.

ती भांडली नाही. आपली पुस्तकं तिनं त्याच्या बॅगेत भरली, आणि बापाशी कामापुरतं बोलू लागली. भावसिंगांना वाटलं, पोरगी लाजते. ते खूश होते. प्रेम मात्र अर्ध्या भाकरीवर उठायचा, आणि वर ही बाई रोज हातातलं काम सांभाळून त्याच्याकडून इंग्रजी शब्द पाठ करून घ्यायची.

“वाक्य कर,” बबिता म्हणाली.

हीसुद्धा सरांचीच पद्धत. नवा शब्द आला की घरातलं खरं वाक्य करायचं. खोटं केलं तर शब्द टिकत नाही, असं त्यांचं म्हणणं.

“तूच कर,” प्रेम म्हणाला.

तिनं गव्हातला खडा वेचून अंगणात टाकला.

“माय फादर वॉज रिलक्टंट टू वेट.” मग स्वतःच हसली. “आता नाही विसरत तू. बा थांबायले राजी नव्हते. त्याइचा तरी काय इलाज म्हना. पाहुन्यांनीच घाई केली असंल.”

प्रेमला वाटलं, तिनं दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“वाक्य चुकलं, बाई.”

बबितानं ओठातल्या ओठात वाक्य पुन्हा जुळवून पाहिलं.

“कुठं चुकलं? बरोबर तर हाय.”

“बा राजी होते का नव्हते, मले नाही मालूम.”

“म्हंजे?”

“मी त्याइले विचारलंच नाही. तू हो म्हनते, असंच सांगतलं मी. चुकलं माहं.”

बबिताच्या मांडीवरचं सूप कलंडलं होतं, गहू एका बाजूनं खाली सांडत होते, आणि ती ते सावरत नव्हती. काहून असं केलं, हेही तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याला काहीतरी बोलता तरी आलं असतं.

फाटकाशी मोटरसायकल थांबली. भावसिंग बाजारातून आले होते. दोन्ही हातांत पिशव्या, चेहरा घामेजलेला आणि आनंदी. बबिता उठली, तिनं त्यांच्या हातातल्या पिशव्या घेऊन खाली ठेवल्या आणि खाट ओढून दिली.

“बा, जरा बसा.”

कितीतरी दिवसांनी पोरगी आपणहून बोलली होती. भावसिंग लगबगीनं बसले.

“बोल बाई. काय सांगायचं हाय तुले?”

“मले नाही,” बबिता म्हणाली. “प्रेमले सांगायचं हाय.”