गळालेले शेवट

मित्रांनो, माझ्या काचेला कोपऱ्यात तडा गेलाय आणि चार्जिंग दुपारपर्यंतही टिकत नाही. मी एक जुना टॅब आहे. कारखान्यातून निघालो, खोक्यात बसून अमेरिकेतल्या ॲन आर्बरला आलो आणि रत्नाताईंच्या जेवणाच्या टेबलावर, साखरेच्या डब्याला टेकून उभा राहिलो. नवा होतो तेव्हा माझं कोण कौतुक! पाहुण्यांनाही हात लावू देत नसत.

रत्नाताई विद्यापीठात इंग्रजी भाषेचा इतिहास शिकवतात. शनिवारी त्या माझ्यासमोर लेक्चर रेकॉर्ड करत. एकेकाळी इंग्रजीतही आपल्यासारखे शब्दांना शेपटांसारखे प्रत्यय होते, असं त्या सांगत. बोलताना जोर शब्दाच्या सुरुवातीवर पडे, त्यामुळे शेवट पुसट होत गेले. त्यात समुद्रापलीकडचे लोक शेजारी येऊन राहिले. त्यांचे शब्द ओळखीचे, पण शेवट वेगळे. बाजार करायचा, सोयरीक जमवायची, तर अडणारे शेवट सोडून दिलेलेच बरे! मग शब्दांचा क्रम आणि छोटे छोटे शब्द त्यांचं काम करू लागले. "भाषा बिघडली नाही," ताई हसून म्हणत, "माणसं जवळ आली."

रविवारी सकाळी मात्र त्याच ताई वेगळ्या असत. कराडहून लताआजींचा व्हिडिओ कॉल येई. आजी म्हणजे ताईंच्या आई, मराठीच्या निवृत्त शिक्षिका, शुद्धलेखनाला भलत्याच कडक. सात वर्षांची अनिका आनंदाने सांगू लागे, "आजी, मी शाळा गेली. टीचर मला स्टार दिला!"

"शाळेत गेले! टीचरने दिला!" ताई मागून टोकत. आपल्या आईसमोर लेकीचं मराठी असं, याची त्यांना लाज वाटे.

हळूहळू अनिका "हाय आजी, बाय आजी" एवढ्यावर आली. नंतर कॉल वाजला की ती चक्क बाथरूममध्ये जाऊन बसे. माझ्यावर वर्तमानपत्रं साचली. ताईंचं लेक्चर माझ्याच पोटात होतं, पण ते त्यांना ऐकवायला मला तोंड कुठे होतं? ही बोचणी अजून जात नाही.

एका रविवारी ताई बाहेर बर्फ उपसत होत्या. कॉल वाजत राहिला, तेव्हा अनिकाने नाइलाजाने मला उचललं.

आजी म्हणाल्या, "अनिका, आज आजी मंडई गेली. आजी वांगी आणली. वांगं कापलं, आत अळी!"

अनिका बघतच राहिली. "मग आजी ओरडली?"

"आजी नाही. अळी ओरडली!"

पोरगी खो खो हसली. मग शाळा, स्नोमॅन, पडलेला दात, सगळं धबधब्यासारखं बाहेर आलं. एकही प्रत्यय जागेवर नव्हता आणि आजींना एकही शब्द कळायचा राहिला नाही.

दारात ताई बर्फाच्या बुटांनिशी उभ्या होत्या. जिने त्यांच्या वह्या लाल केल्या, ती आई नातीसाठी मोडकं मराठी बोलत होती. आपण शनिवारी काय शिकवतो आणि रविवारी काय करतो, हे त्यांना लख्ख दिसलं. त्यांचा चेहरा उतरला.

मित्रांनो, माझ्या काचेची काळजी नाही घेतलीत तरी चालेल. पण समोरच्याचं वाक्य पुरं होऊ द्या. मध्येच तोडलेलं बोलणं मला पुन्हा जोडता येत नाही.

ताई तशाच आत आल्या आणि अनिकाजवळ खाली बसल्या.

"अनिका," त्या म्हणाल्या, "आई चूक. आई खूप चूक."

तिकडे आजी होत्या, इकडे अनिका होती. ताईंना कोणीही टोकलं नाही.