ऑक्टोपसचे बारा आठवडे

वर्लिन टॉस्टेरुडने करारातलं एकच चित्रपट सलग बारा आठवडे चालवण्याचं कलम वाचलं नव्हतं असं नाही. वाचलं होतं, आणि वाचून त्याची छाती फुगली होती. एल्म प्रेअरीसारख्या नऊशे वस्तीच्या गावातल्या ‘पॅलेस’ थिएटरला मिनियापोलिसच्या मोठ्या थिएटरांच्याच अटी लावल्या, म्हणजे कंपनीने आपल्याला त्यांच्या पंक्तीला बसवलं, अशी त्याची समजूत झाली. नऊशे माणसं बारा आठवडे पुरायची कशी, हा विचार त्याला सुचला तो सहीची शाई वाळल्यानंतर.

“त्या नऊशेतली निम्मी तर सात वाजता झोपतात,” त्याची बायको आर्डिस म्हणाली. “उरलेल्यांतली बरीचशी अजून रांगतायत.”

त्याच्या हुरळून जाण्याला तसं कारणही होतं. त्याच्या वडिलांनी, गुंडर टॉस्टेरुडांनी, थिएटर काढलं तेव्हा बोलपट नवे होते. पुढे शेतांतली माती वाऱ्याबरोबर उडून गेली, पण लोक अंगावरची धूळ झटकून चित्रपटाला येत राहिले. तेव्हापासून अमेरिकेत जो जो चित्रपट तुफान चालला तो ‘पॅलेस’ला लागला, फक्त सगळ्यांच्या शेवटी. चाळीसच्या दशकातला महायुद्धाचा चित्रपट इथे पोचला तेव्हा महायुद्ध संपून सैनिक घरी येऊन पेरणीला लागले होते. पन्नासच्या दशकातल्या बायबलवरच्या भव्य चित्रपटाची फीत येईपर्यंत इतकी झिजली होती की भर वाळवंटात सतत ओरखड्यांचा पाऊस पडत होता. साठच्या दशकातला गाण्यांचा चित्रपट आला तोवर बायकांना त्याची गाणी रेडिओवर ऐकून पाठ झाली होती. मग घरोघरी टीव्ही आले आणि खुर्च्या रिकाम्या पडू लागल्या.

आणि आता, अठ्ठ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात, सगळ्या देशात गर्दीचा विक्रम मोडणार म्हणून ज्याचा गाजावाजा चालला होता तो चित्रपट एल्म प्रेअरीत पहिल्याच दिवशी लागणार होता. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर चाल करून येणारा महाकाय ऑक्टोपस. गावातल्या बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नव्हता, त्यामुळे तिथे असंच चालत असणार याबद्दल त्यांना शंका नव्हती.

आर्डिसने मात्र आपलं म्हणणं स्पष्ट सांगून टाकलं. ट्रॅक्टर विकणाऱ्या हार्लन ब्रेकेला टायर ठेवायला जागा हवी होती आणि त्याचा डोळा ‘पॅलेस’वर होता. आर्डिसची बहीण ॲरिझोनात राहायची, तिथे दारासमोरचा बर्फ उपसावा लागत नाही. थिएटर दोघांच्या नावावर होतं. ऑक्टोपस जाईल त्या दिवशी खुर्च्या रिकाम्या असतील तर दोघांनी हार्लनच्या कागदावर सह्या करायच्या, असं ती म्हणाली.

वर्लिन म्हणाला, “बरं.” त्या भागात माणूस याहून जास्त बोलत नाही. स्वतःचं घर पेटलं तरी जरा उकडतंय एवढंच म्हणेल.

पहिले दोन आठवडे जत्रा होती. माणसं पॉपकॉर्नच्या पिशव्या घट्ट धरून, आवाज न करता घाबरत होती. तिसऱ्या आठवड्यात मोजकी डोकी आली आणि चौथ्यात तीही आटली. पण करार असा की कोणी येवो न येवो, प्रत्येक खेळ व्हायलाच हवा. वर्लिन वरच्या खोलीत यंत्र चालवायचा, खाली ऑक्टोपस रिकाम्या खुर्च्यांवर धावून जायचा, आणि आर्डिस बाहेर पॉपकॉर्नच्या काचेमागे बसून विणायची. ती एकदाही आत गेली नव्हती.

शेवटी ही गोष्ट चर्चच्या महिला मंडळाच्या कानावर गेली. गावात कोणाकडे मयत झाली की मंडळ पाळ्या लावतं. आज या घरचा बटाट्याचा गरम डबा, उद्या त्या घरचा. मंडळातल्या क्लॅरिस हेगडालने त्याच पद्धतीने ऑक्टोपसच्या पाळ्या लावल्या. सोमवारी लुंडवॉल, मंगळवारी स्केई, असं करत प्रत्येक घराने हजेरी लावायची. लोक येताना वर्लिनशी हलक्या आवाजात बोलायचे, हात हातात घ्यायचे आणि खरोखरच डबाही द्यायचे. वर्लिनला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तरी तो डबे घ्यायचा, कारण नको म्हणणं बरं दिसलं नसतं.

सातव्या आठवड्यात, एका गुरुवारी, चित्रपटाचा आवाज बंद पडला. वडिलांच्या काळचा ध्वनिवर्धक धूर सोडून कायमचा शांत झाला; तो बनवणारा कारखानाही कधीच बंद पडला होता. लोक उठतील, पैसे परत मागतील, म्हणून वर्लिन झरोक्यातून खाली बघत राहिला. कोणी उठलं नाही. उठणं म्हणजे वर्लिनच्या तोंडावर त्याचा अपमान करणं. वीस-पंचवीस माणसं मुक्या चित्रपटासमोर प्रार्थनेला बसल्यासारखी बसून राहिली. पडद्यावर बोटीच्या कप्तानाची बायको धक्क्यावर उभी राहून तोंड उघडत-मिटत होती.

क्लॅरिसला ते बघवेना. अंधारात ती सपाट आवाजात म्हणाली, “नको जाऊस, रॉजर. आज पाण्याचा रंग बरा नाही.”

मग पाद्री नायक्विस्ट खाकरले आणि त्यांनी दीपगृहवाल्या म्हाताऱ्याचं वाक्य घेतलं. न्हावी कप्तान झाला. पाठांतर सगळ्यांचंच झालं होतं. लाज तेवढी आडवी येत होती, आणि अंधारात ती कोणाची हे कळत नव्हतं. ऑक्टोपस पाण्याबाहेर आला तेव्हा मागच्या रांगेतून असा काही घुर्रर्र आवाज निघाला की पुढच्या बायका खरोखर किंचाळल्या. तो हार्लन ब्रेके होता. खरं तर तो पाळीवर आला होता आणि टायर कुठे रचायचे याचा अंदाज घेत होता.

दुसऱ्या दिवशी अर्धं थिएटर भरलं. शनिवारी शेजारच्या गावांतून गाड्या आल्या. ज्या माणसांनी बायकोला कधी मोठ्याने हाक मारली नव्हती ती “पळा, तो आला” असं छाती फोडून ओरडू लागली. पडद्यावरच्या घोळक्यातलं कोणतं वाक्य कोणी म्हणायचं यावरून रुसवेफुगवे झाले. हार्लन गळ्याला मध लावून यायचा. तुला हे थिएटर बंद व्हायला हवं आहे ना, असं कोणी विचारलं तर म्हणायचा, धंदा वेगळा आणि ऑक्टोपस वेगळा.

बाराव्या आठवड्याच्या शुक्रवारी एक अनोळखी माणूस तिकीट काढून आत शिरला. चित्रपट कंपन्या अशी माणसं गुपचूप पाठवतात. थिएटरवाला गर्दी कमी दाखवून तिकिटांतला कंपनीचा वाटा बुडवतो का हे बघायला ती प्रेक्षकांत बसून डोकी मोजतात. आपण ओळखू येत नाही असं त्या माणसाला वाटत होतं. एल्म प्रेअरीत मात्र तो पेट्रोल भरायला थांबला तेव्हाच ही बातमी महिला मंडळापर्यंत गेली होती.

चित्रपट जसा दिला तसाच, आवाजासकट दाखवायचा असं करारात होतं. हा माणूस एक शब्द लिहून देईल आणि कंपनी फीत काढून नेईल. मग ‘पॅलेस’ला पुन्हा कोणी चित्रपट देणार नाही आणि टायर येतील. वर्लिनने क्लॅरिसला गाठलं आणि आज सगळ्यांनी गप्प बसावं का, असं चाचरत विचारलं.

“मुका चित्रपट बघून तो जास्त खूश होईल होय?” क्लॅरिस म्हणाली. “जा तू वर.”

त्या दिवशी गाव जीव तोडून बोललं. पाहुणा मधल्या रांगेत ताठ बसला होता. खेळ संपल्यावर तो सरळ वर्लिनसमोर येऊन उभा राहिला. आपण कोण हे त्याने हळूच सांगितलं आणि वर्लिनने आश्चर्य वाटल्याचा चेहरा केला.

“माझं काम डोकी मोजण्याचं,” तो माणूस म्हणाला. “आवाज कुठून येतो ते लिहायला माझ्या कागदावर जागा नाही.”

वर्लिनने पॉपकॉर्न पुढे केलं.

“पण एक सांगू? दीपगृहवाले फार घाई करतात. मी या उन्हाळ्यात इतक्या गावांत हा चित्रपट पाहिलाय, तो म्हातारा ‘देवा’ म्हणण्याआधी थांबतो. तिथेच सगळी गंमत आहे.”

पाद्रीसाहेब जवळच होते. ‘देवा’ कसं म्हणायचं हे आपल्याला कोणी शिकवावं याचं त्यांना वाईट वाटलेलं दिसलं, पण ते म्हणाले, लक्षात ठेवतो.

सोमवारी कंपनीचा फोन आला. शेवटच्या आठवड्यात अमुक एवढ्या खुर्च्या भरल्या तर चित्रपट उतरवता येत नाही, गर्दी ओसरेपर्यंत तो चालूच ठेवावा लागतो, असं पुढचं एक कलम होतं. हे मात्र वर्लिनने खरोखरच वाचलं नव्हतं.

रात्रीच्या जेवणाच्या वेळी त्याने ते आर्डिसला सांगितलं. खुर्च्या भरलेल्या होत्या, तेव्हा हार्लनच्या कागदाचा प्रश्न मिटला होता. पण ऑक्टोपस किती दिवस मुक्कामाला आहे हे आता देवालाच ठाऊक. तुला ॲरिझोनाला जायचं असेल तर तू पुढे जा, मी मागून येईन, असंही तो बशीकडे बघत म्हणाला. तिने कितीतरी वेळ बटाटे बारीक केले.

“मी बाहेर बसून रोज ऐकते,” ती शेवटी म्हणाली. “क्लॅरिस ‘नको जाऊस, रॉजर’ असं म्हणते की जणू वाण्याकडे साखर मागतेय. त्या बाईचा नवरा बुडणार आहे, वर्लिन.”

“हो, तसं थोडं होतं खरं,” वर्लिन म्हणाला.

“तिला पॉपकॉर्नवर बसव,” आर्डिस म्हणाली आणि तिने मिठाची बाटली त्याच्याकडे सरकवली. “उद्यापासून मी आत येते.”