दात माझे, दुरुस्ती भलत्याची

मी बोलतेय. गल्लीच्या टोकाला पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्री पांघरून बसलेली काळी मोटार, तीच मी. वय विचारू नका. माझ्या बरोबरीच्या कधीच भंगारात गेल्या, त्यांच्या पत्र्याच्या बादल्या झाल्या. एवढ्यावरून काय ते समजा.

कारखान्यातून निघाले तेव्हा अशी झळझळीत होते, की माणसं माझ्या दारात बघून भांग पाडायची. पहिला मालक डॉक्टर. सदा घाईत, दार कधी धड लावलं नाही. मग गेले एका फोटोवाल्याकडे. लोक यायचे, मला टेकून फोटो काढायचे आणि घरी जाऊन सांगायचे, गाडी आमची. तीन वर्षांत मी चारशे जणांची झाले आणि एक मैलही चालले नाही.

तिसरे मालक हे साहेब. दुकानांतली वजनमापं तपासणारे इन्स्पेक्टर. तराजूत गुंजभर फरक असला तरी यांना दिसायचा, पण स्वतःचा डावा पाय कुठे आहे ते काही कळायचं नाही. तो कायम माझ्या क्लचवर. दाबायचा नाही, उचलायचा नाही, पाटावर ठेवावा तसा नुसता ठेवायचा. अशानं क्लचची प्लेट झिजते. झिजली. चढ आला की इंजिन नुसतं बोंबलायचं आणि चाकं जागची हलायची नाहीत. साहेब म्हणायचे, "हल्ली पेट्रोल हलकं येतंय."

त्यातच माझा स्टार्टर रुसला. बटण दाबलं की खर्रर्र करायचा आणि गप्प. साहेबांनी तो काढून दुरुस्तीला दिला. दुकानात टेबलावर भिंगरीसारखा फिरला, माझ्यात बसवला की पुन्हा खर्रर्र. दुसऱ्यांदा दिला. तिसऱ्यांदा दिला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. मी काय बोलणार?

मग मला सुरू करायची एक रीत पडली. साहेब पुढून लोखंडी हँडल घालून फिरवायचे, आणि बाई, म्हणजे साहेबांच्या पत्नी, आत बसून क्लच दाबून धरायच्या. इंजिन धडधडलं की साहेब यायचे आणि बाई मुकाट्यानं शेजारच्या सीटवर सरकायच्या. लायसन बाईंकडेही होतं, लग्नाआधीचं. "तुला कशाला हवंय? मी आहे ना," असं म्हणून साहेबांनी ते कपाटात ठेवलं, ते ठेवलंच.

बाईंची थोरली बहीण टेकडीवर राहते. बस पायथ्याशी सोडते, पुढे तीन मैल चढ आणि बाईंचे गुडघे तर बोलायलाच नको. एक दिवस निरोप आला.

"अहो, ताईची नजर उतरत चाललीय. माणसं पुसट दिसतात म्हणे. माझं तोंड ओळखू येतंय तोवर जाऊन येऊ."

"स्टार्टर येऊ दे दुरुस्त होऊन, मग जाऊ."

"चौथ्यांदा गेलाय तो."

"मग आता त्याला सवय झाली असेल."

स्टार्टर आला आणि खर्रर्र झालं. साहेबांनी रागारागानं हँडल घातलं. अंगठा दांड्याभोवती आवळायचा नाही, हे त्यांनी अख्ख्या गल्लीला शिकवलेलं. त्या दिवशी स्वतःच आवळला. माझं इंजिन उलटा झटका देऊन मोकळं झालं आणि साहेबांचं मनगट मोडलं. देवाशपथ सांगते, मुद्दाम नाही केलं.

हात प्लास्टरमध्ये गेला तेव्हा बाईंनी मिस्त्रीला बोलावलं. त्याला सगळे ठोक्या म्हणतात, कारण कुठलंही दुखणं असो, तो आधी हातोडी मारून बघतो.

"मिस्त्री, हिला गिअरमध्ये टाकून हातभर पुढे ढकललं की स्टार्टर लागतो," बाई म्हणाल्या. "मी तीनदा बघितलंय. स्टार्टर चांगला आहे. हिचेच दात गेलेत, एका बाजूचे."

"दात?" साहेब खुर्चीतून म्हणाले. "गाडीला?"

"मला नाही का? डाव्या दाढा गेल्या, मी उजवीकडून चावते. हिला कुणी बाजू बदलून देत नाही."

ठोक्या हातोडी खाली ठेवून हसला. "बाई बरोबर बोलतात साहेब. इंजिनाच्या मागे जड चाक असतं, त्यावर दातांची कडी. इंजिन बंद होताना फिरून फिरून ठरल्या जागीच थांबतं. म्हणून स्टार्टर रोज त्याच दातांना चावतो. पण तिथे पोचायचं तर गिअरबॉक्स उतरवावा लागेल. क्लचही तिथंच आहे, तोही बदलू."

"अजिबात नाही. उघडलेली गाडी आणि उकरलेलं भांडण पहिल्यासारखं बसत नाही."

"मग तसंच राहू दे," बाई म्हणाल्या. "ताईला आंधळी झाल्यावर भेटेन."

साहेबांनी प्लास्टरमधल्या हाताकडे एकदा बघितलं. मग म्हणाले, "नटबोल्ट मोजून ठेव रे."

दोन दिवस माझं पोट उघडं. क्लचची प्लेट निघाली ती कागदासारखी पातळ. साहेबांनी ती मोजपट्टीनं मोजली आणि डावा पाय हळूच खुर्चीखाली घेतला. ठोक्यानं कडी तापवून चाकावरून उतरवली. आता पाव फेरा फिरवून बसवायची होती, म्हणजे धड दात पुढे येतील. तापली की फुगते, निवली की घट्ट धरते. तापवायला ती बाईंच्या शेगडीवर गेली.

"किती डिग्री झाली?" साहेब विचारत होते.

बाईंनी पाण्याचा थेंब टाकला. चर्र झाला आणि संपला. "अजून नाही." थोड्या वेळानं दुसरा टाकला, तो कडीवर मोत्यासारखा नाचायला लागला. "उचला आता."

तिसऱ्या दिवशी बाईंनी कपाटातलं लायसन काढलं, आत बसल्या आणि बटण दाबलं. एका दमात सुरू झाले मी. साहेब सवयीनं स्टिअरिंगच्या बाजूच्या दाराशी आले.

"तिकडून बसा."

"अगं, चढ आहे. क्लच जमेल का तुला?"

"इतके दिवस तुम्ही हँडल मारत होतात, तेव्हा क्लच कोण दाबत होतं?"

चढावर नव्या प्लेटनं असं धरलं की मलाच माझा हेवा वाटला. ताई फाटकात उभ्या होत्या. काचेला नाक लावून आत बघितलं, बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "मेले, तू चालवत आलीस? आणि केस किती पिकलेत तुझे."

बाईंना हसूही आवरेना आणि रडूही थांबेना. इंजिन बंद करायचंही राहून गेलं.

आता दर महिन्याला जातो आम्ही. मनगट बरं झालंय, तरी साहेब शेजारीच बसतात. आणि प्रत्येक वळणावर उजवा पाय जीव खाऊन पायाखालच्या फळीवर दाबतात. तिथे ब्रेक नाही. फळी तेवढी चकचकीत झालीय. साहेब तुम्हाला कधी भेटले, तर हे सांगू नका त्यांना. गाडी आपणच थांबवतो, असं वाटतं त्यांना.